स्फटिकातील बदली : अतिसंवाहकता आणि कुलाब्याचे एक संयुग

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेत १९९३ च्या सुमारास इट्रियम, निकेल आणि बोरॉन या तीन मूलद्रव्यांपासून बनविलेल्या एका संयुगाची तपासणी चालू होती. नमुना थंड करीत नेला असता, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे १२ अंशांवर, त्याचा अगदी थोडा भाग अतिसंवाहक झाल्याची खूण मिळाली. खूण क्षीण होती. प्रयोगशाळेत अशा खुणा पुष्कळदा मिळतात आणि नमुन्यात काहीतरी भेसळ झाली असावी, एवढ्या शेऱ्यानिशी त्या वहीत बंद होतात. येथे तसे झाले नाही. त्या खुणेचा पाठपुरावा करण्यात आला आणि मिश्रणात थोडा कार्बन घातल्यावर ती ठळक झाली. नमुन्याचा मोठा भाग अतिसंवाहक होऊ लागला. तीन मूलद्रव्यांच्या संयुगात चौथ्याची जागा होती आणि ती भरल्याखेरीज काम सुरू होत नव्हते.

आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकीर हुसैन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि त्यांचे सहकारी यांचा हा शोध जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आणि फ्रान्समधील संशोधकही या कामात सहभागी होते. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजच्या रॉबर्ट काव्हा व सहकाऱ्यांनी निकेलऐवजी पॅलेडियम घेऊन केलेल्या मिश्रणात २३ केल्विन तापमानास अतिसंवाहकता आढळल्याचे जाहीर केले. अशा रीतीने जगाच्या पदार्थविज्ञानात ‘बोरोकार्बाइड’ हे नवे घराणे दाखल झाले. या घराण्याने शास्त्रज्ञांना जे शिकविले ते मुख्यतः एका साध्या युक्तीमधून शिकविले : स्फटिकातील एक अणू काढावा, त्याच्या जागी दुसरा बसवावा आणि काय होते ते पाहावे.

रोध नाहीसा होतो म्हणजे काय

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडीफार तापते. वाहणारे इलेक्ट्रॉन वाटेतील अणूंच्या कंपनांवर आणि दोषांवर आदळत जातात व त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हाच विजेचा रोध होय. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी पारा द्रवरूप हीलियममध्ये थंड केला, तेव्हा ४.२ केल्विनच्या जवळ पाऱ्याचा रोध कमी न होता एकदम नाहीसाच झाला. (केल्विन मापनात शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस.) ज्या तापमानाला हे घडते त्यास त्या पदार्थाचे क्रांतिक तापमान म्हणतात. १९३३ मध्ये मायस्नर आणि ऑक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखविले की, अतिसंवाहक पदार्थ आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्रही बाहेर लोटतो. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे पटत नाही ही समजूत तेव्हापासून रूढ झाली. ती कितपत खरी, हे पुढे येईलच.

प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. मोठ्या शहरांत आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आता एम.आर.आय. यंत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेक यंत्रांचा चुंबक म्हणजे नायोबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचे वेटोळे असते आणि ते द्रवरूप हीलियमच्या थंडाव्यात ठेवावे लागते. परंपरागत रचनेच्या एका यंत्रात असे सुमारे दीड हजार लिटर हीलियम असते. भारताला लागणारे बहुतेक हीलियम आयात होते. क्रांतिक तापमान वर नेता आले तर हा खर्च किती तरी कमी होईल. ते वर कसे न्यावे, हे सांगणारे हुकमी सूत्र मात्र आजही उपलब्ध नाही. म्हणून अणूंची अदलाबदल करून पाहण्याची पद्धत शंभर वर्षांनंतरही प्रयोगशाळेत मानाने टिकून आहे.

जागा तीच, अणू दुसरा

शासकीय सेवेतील वाचकांना बदलीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. खुर्ची तीच राहते, खुर्चीवरची व्यक्ती बदलते. कधी कार्यालयाच्या कामात काडीचाही फरक पडत नाही, तर कधी सगळा कारभारच पालटतो. स्फटिकात नेमके हेच घडते. स्फटिक म्हणजे अणूंची ठराविक अंतराने, तीनही दिशांना पुनःपुन्हा येणारी मांडणी. या मांडणीतील एखाद्या जागेवर मूळ अणूऐवजी साधारण त्याच आकाराचा दुसरा अणू बसविणे म्हणजे रासायनिक प्रतिस्थापन.

याचा सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वजनाने वेगळा समस्थानिक वापरणे. १९५० साली पाऱ्याच्या निरनिराळ्या समस्थानिकांवर प्रयोग झाले आणि अणू जितका जड, तितके क्रांतिक तापमान किंचित खाली, असे दिसून आले. रसायन तेच आणि इलेक्ट्रॉनही तेच असताना केवळ वजनाने फरक पडतो, याचा अर्थ अणूंच्या कंपनाचा या घटनेशी संबंध आहे. या धाग्याचा उपयोग पुढे बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतास झाला. त्यांच्या मते थंड धातूत इलेक्ट्रॉन जालकाच्या कंपनांच्या मध्यस्थीने जोड्या बांधतात आणि या जोड्या एकमेळाने, अडथळ्याविना वाहतात. जोडीतील दोघांचे अंगभूत चुंबकत्व, ज्याला ‘स्पिन’ म्हणतात, परस्परांच्या उलट असते.

येथूनच चुंबकीय अणूचे वैर सुरू होते. चुंबकीय अणू जवळ आला की तो जोडीतील दोघांना वेगवेगळ्या दिशांनी ओढतो आणि जोडी तुटते. मॅथायस व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये लँथॅनम धातूत विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्ये शेकडा एक या प्रमाणात घालून पाहिली. गॅडोलिनियमच्या एवढ्याशा अंशाने लँथॅनमची अतिसंवाहकता जवळजवळ पुसून गेली. उलट, अचुंबकीय अणू मिसळले तर साध्या अतिसंवाहकाचे फारसे बिघडत नाही, असे फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये सिद्धांताने दाखविले. चुंबकीय पाहुणा घातक, अचुंबकीय निरुपद्रवी, असा नियम त्यामुळे पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

प्रतिस्थापनाची लोकांना माहीत झालेली मोठी कहाणी १९८६ ची. झुरिकजवळच्या आय.बी.एम. प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्‌झ आणि म्यूलर यांनी लँथॅनम आणि तांबे यांच्या ऑक्साइडमध्ये काही लँथॅनमच्या जागी बेरियम बसविले आणि ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता मिळविली. मूळ ऑक्साइड तर वीज वाहून नेतच नाही! बेरियमऐवजी स्ट्राँशियम घेतल्यास, लँथॅनमच्या दर शंभर अणूंपैकी सात-आठ बदलले की क्रांतिक तापमान सुमारे ३८ केल्विनच्या शिखरावर पोहोचते; त्याहून कमी किंवा अधिक बदलले तर ते उतरते. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल चू यांना असे आढळले की, या पदार्थावर बाहेरून दाब दिल्यास तापमान आणखी चढते. मग त्यांनी विचार केला की बाहेरून दाबण्यापेक्षा आतच लहान अणू बसविला तर? लँथॅनमच्या जागी आकाराने लहान असलेले इट्रियम घेऊन चू आणि वू यांच्या गटांनी १९८७ च्या आरंभी ९३ केल्विन गाठले. तयार झालेल्या संयुगाची रचना मूळ संयुगाहून निराळीच निघाली, हा भाग वेगळा. पण द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विनची पायरी ओलांडली गेली. नायट्रोजन हवेतून मिळतो आणि हीलियमच्या मानाने अतिशय स्वस्त असतो.

या ताम्र-ऑक्साइडांनी वरील नियमाला पहिला तडाही दिला. त्यांतील तांब्याच्या जागी जस्त हा अचुंबकीय धातू बसविला तर अतिसंवाहकता झपाट्याने खालावते. इट्रियमच्या संयुगात दर शेकडा एक जस्तामागे क्रांतिक तापमान दहा अंशांच्या आसपास घसरते. त्याच जागी चुंबकीय निकेल बसविले तर नुकसान त्याहून कमी. उलट इट्रियमच्या जागी गॅडोलिनियमसारखे तीव्र चुंबकीय मूलद्रव्य पूर्णपणे बसविले तरी क्रांतिक तापमान ९० केल्विनच्या आसपासच राहते, कारण ती जागा जोड्यांच्या वाटेत येत नाही. कोण आला याइतकेच, तो कोणत्या खुर्चीवर बसला याला महत्त्व आहे.

गूळ आणि खडीसाखर

आता कुलाब्याच्या संयुगाकडे परत वळू. कार्बनचा शोध लागल्यावर त्याची रचना लवकरच उलगडली. इट्रियमचा एक, निकेलचे दोन, बोरॉनचे दोन आणि कार्बनचा एक अणू असे त्याचे प्रमाण आहे. त्यात थर आहेत : इट्रियम आणि कार्बन यांचा एक सपाट थर, त्यावर निकेल आणि बोरॉन यांचा थर, पुन्हा इट्रियम-कार्बन. थर असले तरी वीज सर्व दिशांना वाहते. शुद्ध स्वरूपात या संयुगाचे क्रांतिक तापमान सुमारे १५.५ केल्विन भरते.

अशा संयुगाचा नमुना प्रथम तयार होतो तो विजेच्या ठिणगीच्या भट्टीत घटक वितळवून. थंड झाल्यावर मिळतो तो असंख्य सूक्ष्म कणांचा गोळा. प्रत्येक कण स्फटिकच असतो, पण त्यांची तोंडे दाही दिशांना. गुळाची ढेप जशी असते तशी ही गोष्ट. ढेपेत दाण्यादाण्यांमध्ये मळी राहते, तसेच येथे कणांच्या सीमांवर न जुळलेले घटक आणि दुसरीच संयुगे दडून बसतात. अशा नमुन्यात एखाद्या अणूची बदली केली आणि क्रांतिक तापमान घटले, तर ते त्या अणूमुळे घटले, कणांच्या सीमांमुळे घटले, की तो अणू ठरलेल्या जागी न जाता मळीतच राहिला, हे सांगणे अवघड होते.

खडीसाखरेचे तसे नसते. संपृक्त पाक सावकाश निवू दिला की दोऱ्यावर मोठे, सपाट पैलूंचे स्फटिक वाढतात आणि ते वाढताना मळ बाहेर ठेवतात. शाळेत मोरचुदाचा खडा वाढविणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे माहीत असते. बोरोकार्बाइडचे एकस्फटिक याच तत्त्वावर वाढविले जातात. अमेरिकेतील आयोवा राज्यातील एम्स प्रयोगशाळेत पॉल कॅनफील्ड व सहकाऱ्यांनी त्यासाठी निकेल आणि बोरॉन यांच्या वितळलेल्या संयुगाचा ‘पाक’ म्हणून उपयोग केला. मूस सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाची आणि मग तास-तास मोजून थोडी थोडी निववावयाची. हाती येतात त्या चकचकीत चपट्या पाटल्या. पाटलीच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा ही स्फटिकाच्या थरांवर लंब असलेली दिशा असते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र थरांच्या बाजूने दिले की थरांवर लंब, हे नेमके ठरविता येते.

दिशेला एवढे महत्त्व का? एर्बियमच्या संयुगात अणूंचे चुंबक थरांच्या पातळीत आडवे पडतात, तर थुलियमच्या संयुगात ते थरांवर लंब उभे राहतात. ढेपेसारख्या नमुन्यात हे आडवे-उभे सारे एकमेकांत मिसळून जाते. एकस्फटिकात ते स्वच्छ दिसते. न्यूट्रॉन किरणांनी तर अणूंच्या चुंबकांची मांडणी प्रत्यक्ष वाचता येते. त्यात एक अडचण अशी की, नैसर्गिक बोरॉनमधील सुमारे शेकडा २० भाग हा वजनाने १० चा समस्थानिक असतो आणि तो न्यूट्रॉन अधाशासारखे शोषून घेतो. म्हणून अशा प्रयोगांसाठी स्फटिक वाढवितानाच केवळ ११ वजनाचा बोरॉन वापरला जातो. म्हणजे स्फटिकाला प्रश्न विचारण्यापूर्वीच एक बदली करावी लागते.

एकाच गणवेशातील मूलद्रव्ये

विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्ये रासायनिक दृष्ट्या एकमेकांची सख्खी भावंडे. त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळपास सारखे, आकारातही फरक थोडाच. वेगळेपण आहे ते आतल्या कवचात दडलेल्या इलेक्ट्रॉनांत, आणि अणूचे चुंबकत्व तेथेच असते. एकाच गणवेशातील मुलांच्या रांगेत प्रत्येकाच्या खिशात कमीअधिक ताकदीचा चुंबक असावा, तसा हा प्रकार. त्यामुळे स्फटिकाचा सांगाडा तसाच ठेवून केवळ चुंबकत्व पायरीपायरीने वाढविता येते. संशोधकाला याहून सोयीची व्यवस्था निसर्गाने क्वचितच दिली असेल.

इट्रियमच्या जागी ल्युटेशियम बसविले, तर दोन्ही अचुंबकीय असल्याने क्रांतिक तापमान सुमारे १६.५ केल्विन राहते. थुलियमला ते सुमारे ११, एर्बियमला त्याच्याच आसपास, होल्मियमला ८ च्या थोडे वर आणि डिस्प्रोशियमला सुमारे ६ केल्विन. टर्बियम आणि गॅडोलिनियम यांच्या संयुगांत अतिसंवाहकता दिसत नाही. मूलद्रव्याच्या स्पिनचा वाटा जसजसा वाढतो, तसतशी ही उतरण होत जाते.

उतरण अपेक्षितच होती. आश्चर्य होते ते ती इतकी सौम्य असण्याचे. लँथॅनममध्ये शेकडा एक गॅडोलिनियमने हाहाकार उडविला होता. येथे तर एर्बियम किंवा होल्मियम हे शंभरातील एक नव्हे. त्या जागेवरील शंभरही अणू चुंबकीय आहेत, तरी अतिसंवाहकता टिकून आहे. या संयुगात वीज वाहण्याचे काम प्रामुख्याने निकेल-बोरॉनच्या थराशी जोडलेले आहे, त्यामुळे शेजारच्या थरातील चुंबकांचा धक्का सौम्य होऊन पोहोचतो. शिवाय थंडी वाढल्यावर हे चुंबक आपापसांत एक शिस्त पत्करतात : एका थरातील सारे एका दिशेला, पुढच्या थरातील सारे विरुद्ध दिशेला. यास प्रतिलोहचुंबकीय मांडणी म्हणतात. कवायतीच्या मैदानात एक रांग पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला तोंड करून उभी राहिली, तर दुरून पाहणाऱ्याला कोणत्याच एका दिशेचा कल जाणवत नाही. इलेक्ट्रॉनांची जोडी अनेक थरांवर पसरलेली असल्यामुळे तिलाही समोरासमोरचे धक्के परस्परांत फिटल्यासारखे होतात.

होल्मियमच्या स्फटिकात याचा मोठा नाट्यमय पुरावा मिळतो. सुमारे ८ केल्विनला तो अतिसंवाहक होतो. ६ केल्विनच्या खाली होल्मियमचे चुंबक रांगा धरू लागतात, पण त्या रांगा प्रथम सरळ नसतात. थरागणिक दिशा थोडीथोडी वळत जाणारी मळसूत्री मांडणी तयार होते. तेव्हा, ५ केल्विनच्या आसपास, अतिसंवाहकता डळमळते आणि किंचित चुंबकीय क्षेत्र दिले तर रोध पुन्हा प्रकटही होतो. आणखी थंड केल्यावर मांडणी सरळ, एकाआड एक उलट अशी होते, आणि गेलेली अतिसंवाहकता परत येते. चुंबकत्व तेच, अणू तेच. फरक फक्त रांगेच्या रीतीत.

शेजारीच बसणाऱ्या इटर्बियमची गोष्ट या पंगतीत बसत नाही. हिशेबाने पाहता त्याच्या संयुगाचे क्रांतिक तापमान थुलियमहून वर असावयास हवे होते. प्रत्यक्षात तेथे अतिसंवाहकता मुळीच आढळत नाही. इटर्बियमचे आतले इलेक्ट्रॉन वाहत्या इलेक्ट्रॉनांशी इतके गुंततात की ते वाहते इलेक्ट्रॉनच अनेक पटींनी जड झाल्यासारखे वागू लागतात. भावंडांतही एखादे असे निघतेच.

निरुपद्रवी पाहुण्याचा उपद्रव

खरी कसोटी आली ती मिश्र स्फटिकांत, म्हणजे एकाच जागेवर दोन मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात वाटून दिली तेव्हा. इट्रियम आणि ल्युटेशियम दोन्ही अचुंबकीय, दोन्ही चांगले. तरी त्यांच्या मिश्रणाचे क्रांतिक तापमान दोघांच्या मधोमध न राहता किंचित खालीच जाते. आकारातील लहानशा फरकाने स्फटिकाची घडी थोडी विस्कटते, एवढेच त्याचे कारण.

डिस्प्रोशियमचे प्रकरण मात्र विशेष आहे. त्याच्या संयुगात चुंबकांची रांग आधी लागते, १० केल्विनच्या थोडे वर. आणि अतिसंवाहकता मागाहून, ६ केल्विनला, त्या लागलेल्या रांगेतच जन्म घेते. एम्स येथे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात होल्मियम आणि डिस्प्रोशियम यांचे मिश्र एकस्फटिक पद्धतशीरपणे तपासले गेले. होल्मियममध्ये डिस्प्रोशियम वाढवीत नेले तर नियमानुसार क्रांतिक तापमान सतत उतरावयास हवे. काही अंतरापर्यंत ते उतरतेही. पण चुंबकीय रांग अतिसंवाहकतेच्या आधी लागू लागली की पुढे कितीही डिस्प्रोशियम घातले तरी ते जवळजवळ तेथेच राहते.

मग डिस्प्रोशियमच्या स्फटिकात अचुंबकीय ल्युटेशियम घालून पाहण्यात आले. सर्वसाधारण तर्क असा की, चुंबकीय अणू कमी होत आहेत, जोड्या तोडणारे कमी होत आहेत, तेव्हा अतिसंवाहकता सुधारेल. घडले उलटेच. थोड्याशा ल्युटेशियमनेच क्रांतिक तापमान वेगाने खाली आले. कवायतीचाच दाखला घेऊ. सर्व मुले रांगेत असताना पूर्वेचा आणि पश्चिमेचा कल परस्परांत फिटलेला असतो. त्यातील एक मूल गैरहजर राहिले की त्याच्या समोरच्याचा कल फिटत नाही आणि रिकामी जागाच नजरेत भरते. ल्युटेशियमचा अणू स्वतः काहीच करीत नाही. त्याच्या जागी जो चुंबक असावयास हवा होता तो नाही, हीच गोष्ट जोडी तोडावयास पुरेशी होते. अँडरसन यांचा नियम चुकीचा ठरला असे मात्र यावरून समजू नये. तो साध्या, चुंबकविरहित यजमानासाठी होता. यजमान स्वतःच चुंबकीय असेल तर अचुंबकीय पाहुणाच तेथे परका ठरतो.

असा निष्कर्ष ढेपेसारख्या नमुन्यावरून कोणी काढला असता, तर ल्युटेशियम नीट मिसळले नसेल, हा आक्षेप पहिल्याच दिवशी आला असता.

निकेलच्या जागेवरील बदली अधिक सरळ परिणाम करते, कारण ती थेट कामाच्या खोलीत होते. कोबाल्टकडे निकेलपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी. तो बसविला की जोड्या करू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दाटी घटते आणि तापमान भराभर उतरते. येथे काही गूढ नाही.

घट सोसून मिळणारा लाभ

बोरोकार्बाइडच्या तारेचे एम.आर.आय. यंत्र तयार झालेले नाही, हे स्पष्टपणे सांगणे इष्ट. १६ केल्विन ही मर्यादा त्यासाठी आकर्षक नाही. परंतु येथे पक्की झालेली पद्धत पुढील पदार्थांच्या कामी आली. २००१ साली जपानमधील आकिमित्सु व सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम डायबोराइड हे साधे, दुकानात बाटलीत मिळणारे संयुग ३९ केल्विनला अतिसंवाहक असल्याचे जाहीर केले. त्यात बोरॉनच्या जागी थोडा कार्बन बसविला तर क्रांतिक तापमान घटते. एवढेच पाहून कोणी ही बदली रद्द ठरविली असती. पण शेकडा पाचच्या आसपास कार्बन घातलेला पदार्थ अत्यंत कमी तापमानाला सुमारे दुप्पट तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र सहन करू शकतो : १६ टेस्लाऐवजी ३० टेस्लाहून अधिक. कार्बनमुळे इलेक्ट्रॉनांची वाट खडतर होते, आणि हा खडतरपणाच चुंबकीय क्षेत्रापुढे टिकाव धरण्यास उपयोगी पडतो. चुंबकाचे वेटोळे करावयाचे असेल, तर काही अंशांची घट देऊन हा सौदा पत्करण्यासारखा आहे. एम.आर.आय. यंत्रात आज वापरली जाणारी नायोबियम-टायटेनियमची तारही अशीच. शुद्ध नायोबियमचे क्रांतिक तापमान ९.२ केल्विन, टायटेनियम मिसळल्याने त्यात लक्षणीय वाढ होत नाही, मात्र क्षेत्र सोसण्याची ताकद अनेक पटींनी वाढते.

कुलाब्याच्या संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने नंतर एक उलट टोकाचा प्रयोग केला. बदली कशाचीच करावयाची नाही. पदार्थ शक्य तितका निर्भेळ घ्यावयाचा. शेकडा ९९.९९९९ शुद्ध बिस्मथचा एकस्फटिक वाढविण्यात आला आणि तो निरपेक्ष शून्याच्या अगदी नजीक नेण्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाद्वारे जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, ०.५३ मिलिकेल्विन म्हणजे एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या तापमानाला बिस्मथ अतिसंवाहक होतो. बिस्मथमध्ये वाहते इलेक्ट्रॉन लाखभर अणूंमागे एखादाच. इतक्या विरळ वस्तीत जोड्या जमणे १९५७ च्या सिद्धांताच्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही. ही अतिसंवाहकता इतकी नाजूक आहे की पृथ्वीचे नैसर्गिक चुंबकीय क्षेत्रसुद्धा ती मोडण्यास पुरेसे होते, म्हणून मोजणी करताना स्फटिकाला त्या क्षेत्रापासून आडोशाला ठेवावे लागले.